सुमनताईंचा डूख

सुमनताईंनी कोणाला माफ केल्याचं मी कधी पाहिलं नाही. कँटीनवाल्याने एकदा त्यांना शिळी भजी दिली. तेव्हापासून त्या शेलूच्या घरून डबा आणत आणि रोज त्याच्याच गल्ल्यासमोर बसून, त्याच्याकडे बघत सावकाश जेवत. आम्ही पाठीमागे त्यांना नागीण म्हणत असू. त्यांना ते कळलं, तेव्हा म्हणाल्या, "मंग काय खोटं हाय?"

खोपोलीच्या आमच्या कारखान्यात नुकता कॉम्प्युटर आला होता. त्यावर काम करणाऱ्या आम्ही दोघीच. फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं यांसाठी लागणारे तयार प्रोग्राम आमच्या साहेबांनी लिहिले होते, आणि त्यांत चूक असू शकते हे त्यांना मान्यच नव्हतं.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला की हजेरीची फाइल बंद करायची, असा नियम होता. उशिरा आलेली हजेरी मागून भरली जाई. फाइल डिस्कवर असेल तर मशीन अडवायचं, की बंद फाइलवर लिहिता येणार नाही. मग ती पुन्हा उघडायची. पुढे हजेरी डिस्कऐवजी चुंबकीय टेपवर ठेवायला लागले. तिथे तेच प्रोग्राम बंद फाइलवरही 'ओके' म्हणत आणि एक अक्षर लिहीत नसत. मी भरलेली कंत्राटी बायकांची आठवडाभराची हजेरी अशीच गडप झाली.

मी सांगितलं, ओके आलं होतं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "ओके आलं म्हणजे लिहिलं गेलं. टेप कोरी आहे, म्हणजे तू भरलंच नाहीस." मला काढून टाकावं, असा शेरा त्यांनी महिन्याच्या अहवालात घातला. वडील अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या पगारावर. मी रडले. सुमनताईंनी धीर वगैरे दिला नाही. "रडू नको गं. त्याला बगते," एवढंच म्हणाल्या.

अहवाल टेपवर मुंबईला जायचा. सुमनताईंनी टेपवरची फाइल आधी बंद केली, मग अहवाल लिहिला. साहेबांनी पडद्यावरचं ओके पाहून टेपवर सही ठोकली. चार दिवसांनी मुंबईचे मोठे साहेब कोरी टेप घेऊन हजर. आमचे साहेब सुमनताईंच्या अंगावर ओरडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ओके आलं मंजी लिवलं गेलं. टेप कोरी हाय, मंजी तुमी भरलंच नाय." आणि बंद फाइलवरही ओके कसं येतं, ते तिथल्या तिथे करून दाखवलं. साहेबांचा चेहरा बघताना मला जो आनंद झाला, तो आजही ताजा आहे.

साहेबांना स्टोअरमध्ये टाकलं. मी राहिले. मुद्दाम टेप कोरी पाठवली म्हणून सुमनताईंना मात्र काढलं. कर्जत स्टेशनवर मी त्यांचा हात सोडेना. म्हणाल्या, "माजी नोकरी सांगून गेली गं. तुजी त्या खोट्या ओकेपायी गुपचूप चालली व्हती. त्याचा राग हाय मला."

पुढे साहेब निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या हारासाठी ऑफिसातले लोक माझ्याकडे वर्गणी मागायला आले होते. मी दिली नाही, आणि कारण सगळ्यांदेखत सांगितलं.