रिकाम्या हातांनी नऊ बायका

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक आहे. गावात बाल संरक्षण समिती झाली आणि अंगणवाडी सेविका म्हणून मला तिच्यात घेतलं, तेव्हा सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला, बाई, जरा दमानं घे. दमानं कसलं! अलिबागला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, आणि येताना एसटीत समितीतल्या आम्ही नऊ जणींनी एवढा कालवा केला की कंडक्टरनं हात जोडले. पोराला घरात मार बसत असेल तर कसं ओळखायचं, कुणाला कळवायचं, सगळं वहीत लिहून आणलं होतं. कधी एकदा काहीतरी करून दाखवतेय असं मला झालं होतं.

आठवडाही गेला नाही. खिचडीआधी मी पोरांचे हात धुते. त्या दिवशी एक पाच वर्षांची मुलगी बाही वर करेना. मी हळूच वर केली, तर दंडावर तापलेल्या उलथन्याच्या कडेनं भाजल्याचा ताजा डाग. "भाकरी करताना लागला," ती पाठ केल्यासारखी म्हणाली. पाच वर्षांची पोर भाकऱ्या करते? माझं डोकंच सटकलं. तिला उपकेंद्रात नेऊन मलम लावून घेतलं, नर्सबाईंजवळ बसवलं आणि जिल्ह्याच्या बाल संरक्षण कार्यालयातल्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी उद्या सकाळी येते. तोवर मुलीला तुमच्याजवळ ठेवा. आईकडे जायचंच असेल तर एक-दोघीच जा, आवाज न चढवता बोला." मी यातलं फक्त 'जा' ऐकलं.

भर दुपारी सगळ्या जणी बोंबील वाळत घालत होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबू रोवून बांधलेल्या वलांडीच्या दोरीवर टाकायचे, हे आमचं थंडीतलं रोजचं काम. मी जाऊन सांगितलं मात्र, सगळ्यांनी पाट्या जागच्या जागी सोडल्या. उन्हासाठी डोक्यावर पदर घेतले आणि पोरीच्या आईकडे निघालो. रागानं कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी मनात भाषण जुळवत होते. असं झापणार होते तिला, की जन्मभर लक्षात राहील.

आमच्या वाड्यात बायका घोळक्यानं दारात येतात त्या लग्नाचं बोलावणं घेऊन, आणि तेव्हा हातात ताट असतं, नारळ असतो, हसणं-खिदळणं असतं. घरचा माणूस दर्यावर असताना, डोक्यावर पदर घेऊन, रिकाम्या हातांनी, मुक्यानं आल्या तर त्याचा अर्थ एकच. होडी गेली. हे मला जन्मल्यापासून माहीत आहे. नऊ जणींत एकीच्याही ध्यानात येऊ नये? तिचा नवरा पाच दिवसांपूर्वी मासेमारीला गेलेला होता.

पोरीची आई दारातच भाजी निवडत बसली होती. मान वर करून आम्हाला पाहिलं आणि तिच्या हातातली सुरी गळून पडली. "काय झाला यांना? होडी कुठं हाय?" आम्ही तोंड उघडायच्या आत तिनं डाव्या हातातला चुडा भिंतीवर आपटला. आमच्याकडे उजव्या हातातला चुडा लग्नातच दर्याला दिलेला असतो, म्हणजे तिच्याजवळ बांगड्या होत्या तेवढ्या ह्याच. हिरव्या काचा उंबऱ्यावर पडल्या. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं आणि बोंबलले, "होडी बरी हाय गो! नवरा बरा हाय तुझा!"

"मग का आलात गो मेल्यांनो?" तिनं मनगट हिसकावून घेतलं.

"पोरीच्या हातासाठी."

ती खाली बसून काचा गोळा करायला लागली. नाकारलं नाही काहीच. म्हणाली, "पहाटे धक्क्यावर, मग बाजार, मग बोंबील. घरी आले तर हिनं कालवण सांडलेला. माझा हात उठला गो. एकदा उठला का मना आवरत न्हाय." माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. मला तिचा राग येत होता, पोरीसाठी पोटात तुटत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती, सगळं एकदम.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. आम्ही नऊ जणी गेलो हे ऐकून त्या मला असं काही बोलल्या की मी, मी, गप्प बसले. मुलगी रेवसला मावशीकडे राहिली, आईनं दर आठवड्याला समुपदेशनाला जायचं ठरलं. महिन्याभरानं ताई पुन्हा पाहणार होत्या, पोर घरी द्यायची की नाही ते.

तो महिना आम्ही पायाला भिंगरी लावून फिरलो. वलांडीशेजारी जाळी ठेवायची शेड होती, ती झाडून काढली. वार लावले. जिचा वार तिनं शेडमध्ये सगळ्यांची पोरं सांभाळायची, आणि तिच्या वाटणीचे बोंबील बाकीच्यांनी लावायचे. नियम एकच केला. कुठल्याही आईनं कधीही पोर आणून सोडावं, का म्हणून कुणी विचारायचं नाही. माझ्यासारखीला हा नियम म्हणजे शिक्षाच! पहिल्या दिवशी चौदा पोरं, दोन मारामाऱ्या, आणि मांजरानं बोंबील पळवला म्हणून सगळी पोरं त्याच्यामागे समुद्रापर्यंत. दमून गेले, पण घरी जाताना मी चक्क गुणगुणत होते.

महिन्यानं ताईंनी मुलीला घरी सोडलं. दर पंधरवड्याला येऊन बघायचं, या अटीवर. मला मात्र रोज धाकधूक. रोज हात धुताना बाह्या वर करायचे.

मग एक दुपार आली. माझाच वार होता. बघते तर ती बाई वाळूतून धावत येतेय, पोरीचं मनगट धरून. शेडमध्ये येऊन तिनं पोरीला माझ्या पुढ्यात बसवलं आणि चार पावलं मागे सरली. दोन्ही मुठी पदरात गच्च आवळल्या होत्या.

"धर हिला," ती धापा टाकत म्हणाली. "आज हात उठतोय माझा."

मी झटकन बाह्या वर केल्या. दोन्ही दंड साफ होते. कसला नियम नि कसलं काय, मी ओरडलेच, "आलीस गो बाय! हात उठायच्या आधी आलीस!" वलांडीवरच्या साऱ्या बायका वळून बघायला लागल्या. तिला रडू फुटलं, मलाही.

पोरगी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग ती चटईवर जराशी बाजूला सरकली.

"आये," ती म्हणाली, "तू पन बस ना."