विचारलं की गुण जातो

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या देवबागच्या घरात, चक्क गणपतीसमोर, भांडण झालं. आणि ते पेटवलं मीच. आगाऊपणा माझ्या रक्तात आहे, घरचे सगळे सांगतील.

माझी भाची सायली पोहते. पोहते म्हणजे तुमच्या-आमच्यासारखं नाही हो… राष्ट्रीय शिबिरात असते! भारताच्या संघाची निवड चाचणी पुढच्याच आठवड्यात होती. कशीबशी सुट्टी काढून गणपतीला आली, ती दुखरा खांदा घेऊनच. आरतीला झांज हातात घेतली आणि पोरीचं तोंड वेडंवाकडं झालं.

मला कुठे राहवतंय? तिला न विचारताच मी तात्यांना निरोप धाडला.

तात्या आमच्या भावकीतले. लचक, सूज, मुरगळ, काहीही असो, त्यांचा झाडपाल्याचा काढा आख्ख्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. एक रुपया घेत नाहीत. फक्त एक नेम पाळतात, त्यांच्या मामाकडून आलेला… पाला कुठला ते देणाऱ्याने सांगायचं नाही आणि घेणाऱ्याने विचारायचं नाही. विचारलं की औषधाचा गुण जातो. आम्हीही कधी विचारलं नाही. नाक दाबून प्यायचो आणि बरे व्हायचो.

तर तात्या भर पावसात खाडीपलीकडे जाऊन पाला घेऊन आले. काढा उकळला, पेला सायलीसमोर धरला. तिने हात जोडले.

"तात्यानू, रागावू नकात… ह्येच्यात काय काय घातलास?"

अहो, माझ्या भावाच्या हातातला मोदक हातातच राहिला. तात्या मात्र शांतपणे म्हणाले, "इचारलंस काय गुण जाता गो बाय."

"मगे माका घेवक जमाचा नाय." आणि तिने पेला बाजूला ठेवला.

माझं डोकंच सणकलं. चार मेडलं काय मिळाली, पोरीला शिंगं फुटली! "ल्हानपणी पाय मुरगळलो तेवा ह्योच काढो प्यायलंस मा?" मी ओरडले.

"तेवा माजी टेस्ट होईत नाय होती, आते."

मग तिने सांगितलं, ते मला तोवर खरंच माहीत नव्हतं. ती रोज कुठे असणार, कुठल्या तासाला हमखास सापडणार, हे तिला मोबाईलवर आधी कळवावं लागतं. आमच्या घराचा पत्तासुद्धा तिने भरलेला होता. डोपिंगवाले कधीही दारात उभे राहू शकतात. शरीरात नको ते सापडलं तर 'मला माहीत नव्हतं', 'घरच्यांनी दिलं' या बोलण्याने सुटका होत नाही. शिबिरात तिच्या खोलीत राहणारी एक मुलगी अशीच बाहेर पडली… घरून आलेल्या सांधेदुखीच्या पुडीत कुणीतरी गोळ्या कुटून घातल्या होत्या. मुलगी खोटं बोलत नव्हती, तरी बॅग भरून घरी गेली.

"म्हणजे आमचे तात्या गोळये कुटून घालतत?" मी तरीही ठसक्यातच. सायलीचे डोळे भरून आले.

तात्या उठले. मला वाटलं, झालं, अपमान झाला, चालले आता. पण ते सायलीशेजारी येऊन बसले, गणपतीकडे बघून हात जोडले… आणि एकेक करून तिन्ही झाडांची नावं मोठ्याने सांगितली. सगळ्यांसमोर! माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर पाळलेला नेम म्हाताऱ्याने एका पोरीसाठी मोडला.

सायलीने लगेच शिबिरातल्या डॉक्टरांना फोन लावला. दोन झाडं त्यांना माहीत होती. तिसऱ्याचं नाव फक्त आमच्याच भागातलं, पुस्तकातलं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, घेऊ नकोस.

म्हणजे नेम मोडला तो मोडला, आणि काढा तसाच. सायली तात्यांचे पाय धरून रडायला लागली. तात्यांनी स्वतःच पेला उचलला, मागच्या माडाच्या मुळाशी ओतून आले. म्हणाले, "बर्फ तरी लाव गो. तेचा नाव सगळ्यांका म्हायत आसा." रडता रडता ती हसली.

चाचणीत सायली थोडक्यात हुकली. खांदा दुखत होताच. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा 'तरी मी सांगत होते' हे माझ्या अगदी जिभेवर होतं… कसं गिळलं माझं मला माहीत. पण तिने आधी विचारलं ते तात्यांबद्दल. रागावलेत का, कुणाला औषध देतात का.

"देतात की. गुण गेला म्हणतात, पण लोक येतात," मी म्हटलं. मग न राहवून विचारलंच, वाईट नाही वाटत का गं तुला?

"वाटता तर. लय वाटता." ती म्हणाली. "पण आते, टेस्टमध्ये काय गावला असता, तर मी बॅग भरून घराक इलंय असतंय. तुमी माका पदरात घेतला असतास. पण तात्यांचो हात परत कोणाक औषध देवक उठलो असतो?"

मी तिच्या खांद्याचा विचार करत होते, ती स्वतःच्या करिअरचा करतेय असं धरून चालले होते… तात्यांचं काय होईल हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

सायली, यंदा तुला हार घालायला गावातून कुणी आलं नाही. पण बाय, ज्या माणसाला तू भर घरात नाही म्हणालीस, त्याला तूच जपलंस. तुझी ही तोंडाळ आते तुझ्यापुढे हात जोडते.