वाढदिवसाचं सूप

तोंगयंग या कोरियन बंदरगावातल्या मुलींच्या शाळेत चू मिरान बाईंचा दरारा होता. शिक्षकदिनाला कुणी साधा कॉफीचा डबा पुढे केला, तरी त्या हात मागे घेत. नियम म्हणजे नियम! नवरा गेल्यापासून घरात बोलायला मात्र रेडिओशिवाय कुणी नव्हतं. त्यांचा नियम मोडला तो तिथेच.

नाम दाबिन त्यांच्या वर्गातली. आई सोडून गेलेली, बाप मासेमारीच्या बोटीवर. वाढदिवसाला तिकडे घरोघरी होतं ते समुद्री शेवाळाचं सूप करून घालणारं घरात कुणी नाही, असं ती एकदा सहज बोलून गेली. बाईंनी तिला घरी बोलावलं, सूप केलं. पोरीने वाडगा चाटूनपुसून साफ केला. मग दर रविवारी ती यायला लागली. "शाळेबाहेर मला मावशी म्हण गं," हेही बाईच म्हणाल्या. पोरीने काही मागितलं नव्हतं.

मग वर्गात भाषणाची तोंडी परीक्षा झाली. दाबिन फार सुंदर बोलली, पूर्ण गुण तिच्या हक्काचेच होते. कॉलेजच्या शिफारशीला तेच गुण लागणार होते. जागेवर जाताना ती आनंदाच्या भरात म्हणाली, "मावशी, जमलं ना?"

मग मागून आवाज आला, "बाई, आम्हालाही भाच्या करून घ्या की! आमचेही गुण वाढतील."

पालकांचे फोन सुरू झाले. उपमुख्याध्यापक क्वाक सरांनी दोघींना बोलावलं. "बाई, ही मुलगी तुम्हाला मावशी का म्हणते?"

दाबिनने बाईंकडे पाहिलं. बाईंनी टेबलाकडे.

"आईविना पोर आहे, सर. लाडात येऊन म्हणाली असेल."

दाबिनची मान खाली गेली.

परीक्षा पुन्हा घ्यायची ठरली, तीही दुसऱ्या शिक्षकांनी. दाबिन फळ्यासमोर उभी राहिली आणि कुणीतरी हळूच "मावशीऽऽ" म्हणालं. वर्ग फिदीफिदी हसला. तिची जीभ अडखळली ती अडखळलीच. अर्धं भाषण सोडून ती जागेवर जाऊन बसली. आता तर सगळ्यांना खात्रीच पटली, की पहिले गुण वशिल्याचे होते.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला जिन्यात गाठलं. पोरच आधी बोलली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाई. चूक माझीच. आज सकाळी मी शेवाळाचं सूप प्यायले."

परीक्षेच्या दिवशी ते सूप कुणी तोंडाला लावत नाही. निसरडं असतं, गुणही घसरतात म्हणे. पण दाबिनच्या घरी ते करणार कोण होतं? तिने उभ्या आयुष्यात ते प्यायलं होतं फक्त बाईंच्या हातचं. सोळा-सतरा वर्षांची पोर त्यांच्यासाठी खोटं बोलत होती आणि त्यांना तिच्यासाठी खरंही बोलता आलं नव्हतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोक्यावरून फिरवायला हात पुढे झाला, पण तोही त्यांनी मागे घेतला. दाबिन वाकून नमस्कार करून वर्गाकडे गेली.

बाई तडक क्वाक सरांच्या खोलीत शिरल्या. "सर, मावशी म्हणायला मीच सांगितलं होतं. घरीही मीच बोलवायचे. मला एकटं वाटायचं म्हणून."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे परवा, ती इथे उभी असताना का नाही बोललात, बाई?"