सोळा डिसेंबर, साल कुठलंही

किस्से कधी एकटे येत नाहीत. एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याला आपला आठवतो, आणि तिसरा दोघांनाही तोडून म्हणतो, ‘‘ह्ये कायच न्हाय, माझं ऐक!’’ त्यात आमची मंडळी फौजेतून निवृत्त झालेली, आणि तीही कोल्हापूर जिल्ह्यातली. म्हणजे कानात सांगितलेली गोष्टसुद्धा पलीकडच्या चौकात ऐकू जाणार!

आम्ही दरवर्षी सोळा डिसेंबरला कोल्हापुरात भेटतो. एकाहत्तरच्या लढाईत ढाक्याला शत्रूनं शस्त्रं खाली ठेवली, तो हा दिवस. सकाळी स्मारकाला फुलं वाहायची आणि मग मटणाच्या ताटावर बसायचं. नियम एकच. किस्सा सोळा डिसेंबरचाच पाहिजे, साल कुठलंही चालेल. नोकरीत ही तारीख प्रत्येकाच्या वाट्याला आलेलीच असते. कुणाला बर्फात, कुणाला वाळूत.

एकदा हॉटेलातल्या नव्या वेटरनं आमचा गोंधळ बघून विचारलं, ‘‘पावणं, वाढदिवस हाय काय कुणाचा?’’

आमच्यातले सर्वांत वडीलधारे म्हणजे निवृत्त सुभेदार अण्णा. त्यांनी मिशीवरचा पांढरा रस्सा पुसला आणि म्हणाले, ‘‘व्हय. एका देशाचा हाय. बारशाला मी हुतो!’’

*

अण्णा तेव्हा विशीतला जवान, पूर्वेच्या आघाडीवर. शस्त्रं खाली ठेवलेल्या पाकिस्तानी सैनिकांवर पहारा द्यायचं काम अण्णांकडं आलं. त्यांच्यात एक थोराड पंजाबी सुभेदार होता. मान बैलासारखी, कान चुरगळलेले. कोल्हापूरच्या माणसाला असला कान दिसला की राहवतंय होय?

‘‘पैलवान हो क्या?’’ अण्णांनी विचारलं.

त्यानं चमकून वर बघितलं. ‘‘तू कहाँ का है?’’

‘‘कोल्हापूर.’’

तेवढं ऐकलं आणि तो माणूस उठूनच उभा राहिला. त्याचे वडील फाळणीच्या आधी कोल्हापूरच्या मैदानात कुस्तीसाठी येऊन गेले होते. मातीत तूप-ताक घालतात, लोक रात्रीपासून जागा धरून बसतात, सगळं त्याला ऐकून पाठ होतं! म्हणाला, ‘‘वालिद मरते दम तक उस मैदान का नाम लेते थे.’’

‘‘फिर कुस्ती का क्या हुआ?’’

तो जरा घुटमळला. ‘‘हार गए थे. मगर तुम्हारे लोगों ने हारे हुए को भी फेटा बाँधा.’’

आता अण्णा म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस. ‘‘म्हणजे आमच्याकडून हरायची तुमच्या घराण्याची रीतच हाय की!’’

हे मराठीत म्हटलं होतं, पण त्याला बरोबर कळलं. आधी तो लाल झाला आणि मग असा हसला की सगळे कैदी बघायला लागले. अण्णांनी आपल्या मगातला चहा त्याच्यापुढं केला.

‘‘फेटा न्हवता जवळ,’’ अण्णा सांगतात. ‘‘मग काय करणार?’’

*

बापूचा किस्सा बर्फातला. बापू फौजेत आचारी. शाहूवाडी तालुक्यातला गडी. गावाकडनं बायकोनं पाठवलेली कांदा-लसूण चटणी तो बंदुकीपेक्षा जास्त जपायचा. पोस्ट इतकी उंचावर की अंडं फोडायला हातोडी लागायची!

त्या वर्षी सोळा डिसेंबरला जेवणाचा खास बेत ठरला. बापूनं डब्यातलं मटण काढलं आणि चटणीची अख्खी पिशवी पातेल्यात उलटी केली. नवे कॅप्टनसाहेब लखनौचे, एकदम नाजूक बोलणारे. त्यांनी रश्श्याचा पहिला घोट घेतला आणि मफलर सोडला. दुसऱ्या घोटाला टोपी काढली. तिसऱ्याला हातमोजे. मग जॅकेटची चेन खाली आली.

‘‘बापू,’’ डोळ्यांतलं पाणी पुसत ते म्हणाले, ‘‘ये क्या चीज है?’’

‘‘साब, कोल्हापूर!’’

साहेबांनी पातेलं संपेपर्यंत मान वर केली नाही. आणि मग म्हणाले, ‘‘कोई वो अंगीठी बंद करो!’’

त्या पोस्टवरची शेगडी बंद करा म्हणणारा माणूस फौजेनं त्याआधी बघितला नव्हता!

*

माझं काम वायरलेस सेटवरचं. एका डिसेंबरात आमचा वाळवंटात सराव चालला होता. दोन तुकड्या, एक दुसरीची शत्रू. दोघांनी एकमेकांचं बोलणं चोरून ऐकायचं आणि डाव ओळखायचा. सोळा तारखेला ऐन मोक्याच्या वेळी आमच्या सांकेतिक शब्दांचा घोळ झाला. मेजरसाहेब वैतागून म्हणाले, ‘‘अब क्या करें?’’

पलीकडच्या टेकाडावरचा आमच्याच तुकडीचा ऑपरेटर माझा दोस्त, कागलचा. मी थेट बटण दाबलं.

‘‘आरं, कुठं हाईस गा?’’

‘‘वगळीच्या पल्याड गेलतो की! पर तितं लई गाबडी बसल्याती!’’

‘‘मग वाकडं घे की लेका! म्होरनं कशाला तडमडतोस?’’

ओढ्यापलीकडं शत्रू दबा धरून बसलेला, म्हणून तो लांबचा वळसा घेऊन गेला आणि आम्ही सराव जिंकला! संध्याकाळी समोरच्या तुकडीचे साहेब मला शोधत आले. ते पुण्याचे. त्यांनीच कानाला हेडफोन लावून आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं.

‘‘मी जन्मानं मराठी आहे,’’ ते अगदी कळवळून म्हणाले. ‘‘पण तुम्ही वापरलात तो कोड नक्की कुठला?’’

*

सुशीलाताई लष्करी हॉस्पिटलात नर्स होत्या. मूळच्या इचलकरंजीच्या. घरात मागांचा खडखडाट, त्यामुळं ताईंना हळू बोलता येतच नाही. त्यांच्या वॉर्डात मलकापूरकडचा एक जवान होता, संभाजी. सुरुंगात त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. जेवायचा नाही, कुणाशी बोलायचा नाही, भिंतीकडं तोंड करून पडायचा.

पंधरा डिसेंबरला ताई त्याला सहज म्हणाल्या, ‘‘उद्या मोठे साहेब येणार आहेत वॉर्डात.’’

कित्येक दिवसांनी त्यानं तोंड इकडं वळवलं. ‘‘मग मी सलाम उभा राहूनच करणार.’’

डॉक्टर म्हणाले, शक्य नाही. ताई म्हणाल्या, ‘‘मी बघते काय ते.’’

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सगळे पेशंट पडल्या पडल्या सलाम करत होते. संभाजी पलंगाचा दांडा धरून उठला आणि एका पायावर ताठ उभा राहिला. दांडा सोडला. उजवा हात कपाळाला! मागं ताई खेटून उभ्या. तो तोल जाऊन पडू नये म्हणून त्यांनी त्याच्या पायजम्याची नाडी कमरेपाशी मुठीत गच्च धरलेली.

साहेब मराठीच निघाले. त्यांनी ताठ होऊन उलट सलाम केला. मग म्हणाले, ‘‘शाब्बास. काही त्रास आहे का, बेटा?’’

‘‘न्हाय साहेब,’’ संभाजी म्हणाला. ‘‘फक्त ताईंनी नाडी लई घट्ट धरलीया.’’

साहेबांनी कौतुकानं मान हलवली. ‘‘वा, सिस्टर! पेशंटवर असंच लक्ष पाहिजे!’’

अख्खा वॉर्ड हसला. भिंतीकडं तोंड करून पडणारा संभाजी सगळ्यांत मोठ्यानं. त्या दुपारी तो दोन ताटं जेवला.

*

शेवटचा किस्सा हौसाक्कांचा. हौसाक्का फौजेत नव्हत्या. त्यांचे मालक होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ते लढाईवर गेले.

त्या सोळा डिसेंबरला हौसाक्का गावातल्या गुऱ्हाळावर कामाला होत्या. संध्याकाळी रेडिओवर बातमी आली, आपण जिंकलो! लोकांनी नाचायला सुरुवात केली. हौसाक्कांनी काहिलीतून काढलेला गरम गूळ परातीत घेतला आणि घरोघर वाटत सुटल्या. हात भाजले तरी थांबल्या नाहीत. ‘‘माझा मालक आता घरला येणार,’’ असं सगळ्या गावाला ओरडून सांगितलं.

तार काही दिवसांनी आली. मालक सोळा तारखेच्या सकाळीच गेले होते. लढाई थांबायच्या आधी, काही तास.

बायका भेटायला आल्या. त्यातली एक बोलून गेली, ‘‘आगं, त्याच दिवशी तू गूळ वाटलास गं!’’

हौसाक्कांनी परात घासून पालथी घालून ठेवली. पण पुढच्या सोळा डिसेंबरला त्यांनी पुन्हा परात भरली आणि घरोघर फिरल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. लोक आधी कुजबुजले, मग हात पुढं करायला लागले.

गेल्या वर्षी आम्ही त्यांना कोल्हापूरला बोलावलं. पाहुणे म्हणून एक तरुण साहेब आले होते. स्मारकापाशी हौसाक्कांचं नाव पुकारलं, तशा त्या नऊवारीचा पदर सावरत, डाव्या हातात ताटली घेऊन पुढं आल्या. फुलं वाहिली. मग वळून त्यांनी साहेबांपुढं गुळाचा खडा धरला.

साहेबांना सगळी हकिकत माहीत होती. हात अर्ध्यावरच थांबला. हळूच म्हणाले, ‘‘आजी, आजच्या दिवशी... गोड?’’

हौसाक्कांनी खडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि वरनं त्यांची मूठ मिटली.

‘‘खावा, पावणं. जिंकूनच गेल्यात की त्ये!’’