पिपाण्यांचा खाऊ

अंडं उकडायला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं, त्याने एकदा आमच्या पडवीत येऊन बसावं. माणसासाठी उकडणं वेगळं आणि पाखरासाठी वेगळं. माणसाला आतलं पिवळं जरा ओलं राहिलं तरी चालतं, उलट गोड लागतं. पाखराला ते खडखडीत लागतं. पाण्याला उकळी फुटली की मी पान जमवतो, सावकाश चघळतो, आणि ते थुंकून झाल्याशिवाय भांडं उतरवत नाही. मग अंडं गार करायचं. कवच टाकायचं नाही, तव्यावर भाजून खलबत्त्यात पीठ होईस्तोवर कुटायचं. शिळा पाव कडक करून चुरायचा. गाजर किसून मुठीत पिळायचं, शेवग्याचा पाला बारीक करायचा. सगळं हाताने एक करायचं, चमच्याने नाही. मूठ वळली की गोळा झाला पाहिजे, आणि बोटाने टोचला की लगेच सुटला पाहिजे. मोदकाच्या सारणापेक्षा कोरडं, रव्यापेक्षा ओलं. हे मला कोणी शिकवलं नाही. म्हणजे सांगितलं बऱ्याच जणांनी, पण हाताला कळलं ते हातानेच.

ही पाखरं माझी नव्हेत. पनवेलला माझा मुलगा असतो. त्याची मुलगी जन्मली तेव्हा तिच्या छातीत घरघर व्हायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, घरात पिसं नकोत. म्हणून एक दिवस तो पिंजरा घेऊन गावी आला आणि पडवीच्या वाशाला टांगून मोकळा झाला.

"बाबा, फिंच आहेत. नर-मादी. ठेवा थोडे दिवस."

"मी बैल सांभाळले, म्हैस सांभाळली," मी म्हणालो, "आता म्हातारपणी चिमण्या सांभाळू?"

"मग सोडून द्या."

सोडून कसं देणार? पिंजऱ्यात जन्मलेलं पाखरू, आमच्या वाडीतल्या कावळ्याने त्याचा एका घासात फडशा पाडला असता. ठेवली. वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हापासून वाडीत मला पूर्वीसारखं काम उरलं नव्हतं. नवीन रोपं लावलीत, पण रोपाकडे दिवसभर बघत बसता येत नाही. पाखरांकडे येतं.

नराच्या गालाला नारिंगी ठिपका, चोच पिकल्या सुपारीसारखी लाल. मादी साधी, राखाडी, पण चोच तिचीही तशीच. आवाज मात्र दोघांचा जत्रेतल्या रबरी पिपाणीचा. पहिल्याच दिवशी आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोने, नाव ठेवलं, पिपाण्या. "तुमच्या पिपाण्यांना गप करा, मला मालिका ऐकू येत न्हाय," हे रोजचं झालं.

मी नारळाच्या करवंटीला भोक पाडून त्यांना घर करून दिलं. मादीने अंडी घातली, वालाच्या टपोऱ्या दाण्याएवढी, पांढरी. पाऊस पडवीत येतो म्हणून मी पिंजरा उचलून मागच्या बाजूला टांगला, तर ती त्या अंड्यांवर पुन्हा बसलीच नाही. एवढं कळलं, की बाळंतिणीची जागा हलवायची नाही. पुढच्या खेपेला पिंजरा हलवला नाही, पिल्लं निघाली, पण नुसत्या कांगाच्या दाण्यांवर जगली नाहीत. मुलाने फोनवर सांगितलं, बाबा, पिल्लं असताना अंड्याचं खाणं लागतं, आणि ते कसं करायचं तेही वाचून दाखवलं.

मी ऐकून घेतलं आणि त्यात ओला नारळ घातला. का घातला? आमच्याकडे कशात घालत नाहीत? डाळीत नारळ, भाजीत नारळ, माशात नारळ, आणि या किनाऱ्यावर राहणाऱ्या पाखरानेच तेवढं बिननारळाचं खावं? सकाळी केलं, छान वास आला, पिपाण्यांनी दोन चोची मारल्या. दुपारपर्यंत आमच्या दमट हवेत ते असं आंबलं, की मंडळी नाकाला पदर लावून आल्या.

"काय मेलंय काय तुमच्या पिंजऱ्यात?"

"काय न्हाय. खाऊ हाय."

"हा खाऊ? मुंग्यासुद्धा लांबनं जातायत."

नारळ बंद केला. पण नारळ वाईट नव्हता, आमची हवा वाईट, असं माझं अजून म्हणणं आहे.

त्यानंतर हात बसला. श्रावण लागला तसं घरात अंडं-मासळी बंद झाली, तरी मी मागच्या न्हाणीच्या चुलीवर पाखरांपुरतं उकडत होतो. मंडळी बघून न बघितल्यासारखं करायच्या. मादी पुन्हा करवंटीत बसली. मी दिवस मोजत नव्हतो. मोजले असते तर पुढचा घोळ आधीच दिसला असता. पिल्लं निघाली ती बरोबर हरतालकेला. दुसऱ्या दिवशी गणपती.

दोन पिल्लं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, नुसत्या लाल माना वर करून हलवत होती. त्यांच्या मानेच्या बाजूला एक पिशवी असते, आणि कातडी इतकी पातळ की आत काय गेलंय ते बाहेरून दिसतं. पोट भरलेलं की रिकामं, विचारावं लागत नाही. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर दोघांच्या पिशव्यांत थोडे दाणे, बाकी रिकामं.

मी अंडं घेऊन न्हाणीकडे निघालो तर ही वाटेत उभी.

"कुठं?"

"चुलीवर."

"श्रावणात मी काय बोलले न्हाय. पण उद्या देव घरात बसायचाय. आता विसर्जन होईपर्यंत अंगणाच्या बेड्याच्या आत अंडं यायचं न्हाय."

"पाखरं खाणार, आपण न्हाय खात."

"घर आपलं हाय ना?"

चोरून करणं माझ्या स्वभावात नाही. केलं असतं तर जमलं असतं, हिला दिवसभर मोदकांतून मान वर करायला फुरसत नव्हती. पण मी या घरात कधी काही लपवून केलेलं नाही आणि दोन पिल्लांसाठी ते सुरू करणार नव्हतो. मी अंडं घेतलं आणि कुंपणापलीकडे चाचीकडे गेलो.

चाची म्हणजे आमची शेजारीण. तिचे दोन्ही मुलगे आखातात, सुना इथे. आमच्या दोघांच्या घरांमध्ये फक्त मेंदीचं कुंपण. गणपतीत तिच्याकडचा शिरा आमच्याकडे येतो, ईदला शीरखुर्मा. तिला मी सगळं सांगितलं.

"एवढाच ना?" चाची म्हणाली. "माज्या चुलीवर उकडते. देवाचा मान पन रवला, पाखरांचा पोट पन भरला."

चतुर्थीला सकाळी मूर्ती बसली, आरती झाली, माणसं अंगणात गप्पा मारत उभी होती, आणि कुंपणापलीकडून चाचीने आवाज दिला, "दादा, तुमचा पांढरा बटाटा उकडला, घेवन जावा."

तिने माझी अब्रू राखायला बटाटा म्हटलं. पण आमच्या मंडळी दारातच उभ्या होत्या.

"चाची," ह्या म्हणाल्या, "बटाटा उकडायला आमच्या घरात चूल न्हाय का?"

चाची हसली आणि आत गेली. मी हात हलवत परत आलो. अंगणातले दोघेतिघे मला विचारत होते, काय हो, बटाट्याची भाजी करताय काय.

चाचीने पिंजराच आमच्याकडे आणा म्हटलं. पण जागा हलवली की मादी उठते, हे मी एकदा बघितलेलं. पिंजरा पडवीत, अंडं कुंपणापलीकडे, मधे मंडळी. मी कांग भिजवून मोड आणून दिली, कोथिंबीर दिली, गाजर दिलं. नर-मादी भरवत होती. पिशव्या भरत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दूर्वा आणायला ही पहाटे पडवीतून गेली तेव्हा पिंजऱ्याच्या तळाला एक पिल्लू पडलेलं तिला दिसलं. तिने मला उठवलं नाही. मी उठून बाहेर आलो तर ती पिंजऱ्यासमोर दूर्वांची परडी घेऊन उभी होती.

"आईने टाकलंन की आपसूक पडलं?" तिने विचारलं.

"मेलेलं बाहेर काढतात त्या."

मी ते जास्वंदीच्या मुळाशी पुरलं. त्या दिवशी मी जेवायला बसलो नाही. मोदकाला शिवलो नाही. ही ताट घेऊन पडवीत आली.

"खावा."

"ज्या घरात पिल्लाला मिळत न्हाय त्या घरात मला नको."

"तुम्ही न खाल्लंत म्हणून गणपती काय अडून बसणार न्हाय."

"नको बसू दे."

ताट तिथेच ठेवून ती गेली. मी बघितलं नाही. थोड्या वेळाने ताट उचलायला आली तेव्हा माझ्याकडे न बघता पिंजऱ्याकडे बघितलंन. राहिलेलं पिल्लू तोंड उघडत होतं, आवाज मात्र आदल्या दिवसापेक्षा बारीक.

मग गौरी आल्या. ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गणपती गोडाचा, पण गौर माहेरी आलेली लेक. तिला तिखट लागतं. म्हणून गौरीपूजनाला आमच्या घरात मटण शिजतं, वडे होतात, आणि तो नैवेद्य गौरीसमोर ठेवताना गणपतीच्या पुढे पडदा ओढतात. मुलाने आईचं ताट बघायचं नाही, एवढंच. घरात देव बसलेला, आणि चुलीवर मटण. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय, कोणाला त्यात खोट वाटली नाही.

त्या दिवशी मी पडवीत नेहमीसारखा पिंजऱ्याखाली बसलो होतो. आतून मसाल्याचा वास येत होता. बोलायचं ठरवलं असतं तर बोलायला बरंच होतं माझ्याकडे, पण रागावलेल्या माणसाने बोललं की त्याचा राग स्वस्त होतो. ही बाहेर आली, हातात जुनं हिरवं लुगडं, पडद्यासाठी काढलेलं. दारात थांबली. एकदा लुगड्याकडे बघितलंन, एकदा पिंजऱ्याकडे.

"बसलात काय?" ती म्हणाली. "चाचीकडं जावा. बटाटा घेऊन या."

"आणि गणपती?"

"पडदा ओढतेय ना. एका आईला ओढायचा नि दुसरीला न्हाय, असं कुठं हाय?"

मी उठलो तो कोल्हापुरी चपला उलट्या घालूनच कुंपण ओलांडलं. चाचीने लगेच अंडं पाण्यात टाकलंन आणि तव्यावर पाव कडक करायला घेतलंन. तिथेच तिच्या ओट्यावर बसून मी कवच कुटलं. तोवर चाचीच्या सुनेने गाजर किसून दिलं. मी पिळलं, मिसळलं, मूठ वळली, बोटाने टोचली. सुटलं.

पिंजऱ्यात वाटी ठेवली तेव्हा नर आधी आला, मग मादी. तिने इतकं भरभरून खाल्लं की मला तिच्यासाठी वाईट वाटलं, किती दिवसांची भुकेली होती ती. मग करवंटीत गेली. आतून तो बारीक आवाज आला, आणि थांबला. भरवताना थांबतो तसा.

एका दिवसाचं काम नव्हतं ते. गौरीचा तिखटाचा दिवस संपला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गोडाचं. मला वाटलं, झालं, उद्यापासून पुन्हा उपास. सकाळी बघतो तर मधल्या दाराला हिचं दुसरं लुगडं अडकवलेलं, पिवळं. माजघर एका बाजूला, पडवी एका बाजूला. मी सरळ चाचीकडे गेलो.

विसर्जनाआधीच्या आरतीला वाडीतली माणसं जमली. त्यात एक म्हातारे, माझ्याहून मोठे, प्रत्येक घरात काय चुकलं ते सांगायला आरतीला येतात. त्यांनी पडदा बघितला.

"हे काय मधेच?"

"पडद्यापलीकडं बाळंतीण हाय," मंडळी म्हणाल्या.

म्हाताऱ्यांच्या हातातले टाळ थांबले. घरात बाळंतपण झालं की सुयेर लागतं, आणि सुयेरात गणपती बसवत नाहीत.

"सूनबाई तर पनवेलला ना? आणि सुयेर असताना मूर्ती बसवलीत?"

"पाखरांचं सुयेर माणसांना लागत न्हाय, भावोजी," ही म्हणाली. "आणि लागत असेल तर आजपर्यंत तुमच्या वळचणीला चिमण्यांची किती बाळंतपणं झाली, त्याचं काय केलंत?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारे टाळ वाजवायला लागले. मी आरतीत मोठ्याने म्हणत होतो, नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्याने. मोदक त्या दिवशी खाल्ले. किती ते सांगत नाही.

पिल्लाला पिसं फुटली. आधी काटे आल्यासारखी दिसली, मग एका सकाळी ते करवंटीच्या तोंडाशी बसलेलं दिसलं, आईसारखं राखाडी, चोच मात्र काळी. उडायला गेलं आणि तळाला आपटलं. आई-बाप पिपाण्या वाजवत त्याच्याभोवती नाचले. पुढे कितीतरी दिवस ते आयतं भरवून घेत होतं, मान वाकडी करून, जमिनीला टेकून, तोंड वर. आई दमली तरी त्याचं मागणं संपेना.

"लाडावलंय," ही म्हणाली. "आईला जरा उसंत न्हाय."

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा एका दुपारी मी वाटी ठेवली आणि बाजूला झालो. आई आज त्याच्याकडे गेली नाही, वरच्या दांडीवर जाऊन बसली. ते थोडा वेळ ओरडलं. मग वाटीच्या कडेवर चढलं, तोल गेला, आत पडलं. उठलं तेव्हा अंगाला पिवळा चुरा. चोचीला लागलेलं त्याने आधी झटकून टाकलं. मग खाली वाकून एक कण उचलला. मग आणखी एक.

मी श्वास धरून बघत होतो. मागे ही केव्हा येऊन उभी राहिली मला कळलं नाही. पिल्लाच्या मानेची पिशवी आता पिसांत झाकलेली, पण फुगलेली कळत होती. त्याने स्वतः भरली होती ती.

"गाजर जरा जास्त होतंय," ही म्हणाली. "उद्यापासून कमी घाला."

मी घालतो तेवढंच घालतो.