आठ घरांचं अक्षर

अक्काच्या रुखवतासाठी मी अक्षरं काढली तेव्हा नववीत होते. नामांतराच्या बंदमुळे शाळेला सुट्ट्या पडल्या होत्या. दुसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्यानं नाव भरायचं तर आधी आलेखाच्या कागदावर नमुना लागतो, आणि जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या गावात नमुन्यांचं पुस्तक कुठलं? मग मीच ठरवलं. प्रत्येक अक्षराला रुंदीत आठ घरं. काना असला तर तोही त्यातच बसवायचा. जाड-बारीक नाही, टोकाला नक्षी नाही, सगळ्या रेघा एकाच फुलीच्या. 'क्ष' दाटीवाटीनं कसाबसा मावला. 'र' मात्र मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखा ढगळ दिसायचा, म्हणून त्याचा पाय लांब ओढला. 'ळ'ची गोलाई काही केल्या चौकोनात बसेना, तेव्हा कागद टराटरा फाडला आणि आईवर उगाच डाफरले.

पुढे गल्लीतल्या पोरी नमुना उतरवून न्यायला लागल्या. उशीच्या अभ्र्यावर, दारावरच्या सुस्वागतमवर, रेडिओच्या झाकणावर, जिकडे तिकडे माझी अक्षरं. मला भलताच भाव आला होता.

अक्कानं मोरांच्या जोडीखाली आधी स्वतःचं नाव भरलं, शेजारी होणाऱ्या नवऱ्याचं. तीन अक्षरं. साखरपुडाही झाला, आणि त्या मुलानं शहरात परस्पर लग्न करून टाकलं. अक्का नेहमीसारखी कामं उरकत राहिली.

मग मावशीनं मानवतचं स्थळ आणलं. या मुलाचं नावही तीन अक्षरीच. मावशी कापड हातात घेऊन आईला म्हणाली, "उसव अन् हे भर माय. तेवढ्याच जागंत बरोब्बर बसतंय बघ." मला असा संताप आला! अक्षरं मी एका मापाची केली होती, नवरदेव नव्हे. पण मला कोण विचारतंय?

अक्कानं दुपारी बसून ते जुनं नाव उसवलं आणि म्हणाली, "आधी मी बोलनार त्याच्याशी. मगच सुई हातात घेनार." मुलीनं मुलाला पारखायची रीत आमच्याकडे नव्हती. आई हबकलीच. तरी दादांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, निरोप धाडला.

मुलगा आला. ओसरीवर दोघं बोलत होते, मी दाराआड. अक्कानं विचारलं, "लग्न तुमाला करायचंय, का घरच्यांला?"

"आपलं काय, बापू म्हनतेत म्हनून करायलोय," तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर आईनं भीत भीत विचारलं, "मग भरायचं ना गं नाव?"

दादांनी कापड उचललं, खिडकीपाशी उजेडात धरलं.

"न्हाई भरायचं," ते म्हणाले. "माझ्या पोरीचं नाव हाय की इथं."

साखरपुडा मोडला तेव्हा न रडलेली अक्का मग हमसून हमसून रडली.