दुपारची हजेरी

“निजा बे! डोये मिटा! जो हालन त्याच्या पाठीवर रूळ!”

मास्तर ओरडत होते आणि आम्ही सत्तावीस पोरं शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर मेल्यासारखी पडलो होतो. ही गोष्ट ऐन सुट्टीतली. तुम्ही म्हणाल, सुट्टीत कसली शाळा? सांगतो. तिळभर खोटं बोललो तर माझ्या जिभेला आमच्या सोनाळा गावचं ऊन लागो.

ते ऊन तुम्हाला ठाऊक नाही. पापड वाळत घातला तर भाजूनच निघायचा. कावळे उडायचे सोडून भिंतीच्या कडेकडेनं पायी जायचे. अशा उन्हात आमचे आईबाप आम्हाला शेतात कापसाच्या पऱ्हाट्या वेचायला, नाहीतर संत्र्याला पाणी द्यायला धाडत. सुट्टी लागली की प्रत्येक घरात एक फुकटचा गडी वाढायचा.

एका सुट्टीनंतर आमच्या वर्गातली एक मुलगी परत आली नाही. ऊन लागून गेली. मास्तरांनी हजेरीपटावरचं तिचं नाव खोडलं नाही. वर्षभर रोज पुकारायचे, जरा थांबायचे, मग पुढचं नाव घ्यायचे.

पुढच्या सुट्टीत त्यांनी शाळेची किल्ली स्वतःकडेच ठेवली. दारांना ओली गोणपाटं, कोपऱ्यात माठ, आणि अकरा ते चार सगळ्यांनी निजायचं. वर हजेरी. नाव पुकारल्यावर जो ‘हजर’ म्हणाला तो गैरहजर, कारण तो जागा. गप्प राहिला तो हजर. एवढी चोख हजेरी मी पुढं कुठल्याही सरकारी कागदावर पाहिली नाही.

आमच्यातल्या किसनचा बाप सोनाजी एकदा भांडायला आला.

“दुपारी बैल सोडता ना?” मास्तर म्हणाले. “मंग पोराले काऊन जुंपता?”

“बैल इकत आणा लागते, मास्तर. पोट्टे घरचे आहेत.” सोनाजीनं आत डोकावून पाहिलं. “अन् निजाले शाया काऊन लागते? अभ्यास तरी घ्या.”

“वर्षभर कोंबलं यायच्या डोक्यात. आता निजू दे. निजल्यावर ते आत मुरते.”

सोनाजीनं तणतणत बुलढाण्याला शाळाखात्याच्या साहेबांकडे अर्ज धाडला, की मास्तर सुट्टीत सरकारी शाळा चोरून उघडतात. नोकरी जाणार म्हणून मास्तरांची बायको दोन दिवस जेवली नाही. मास्तरांनी एवढंच केलं, दाराला आतून कडी लावायला लागले.

अर्ज बहुतेक गोगलगाईच्या पाठीवरून गेला असावा; महिना झाला तरी साहेबांचा पत्ता नव्हता. अशात एका दुपारी मास्तरांनी किसनचं नाव पुकारलं. कोणी बोललं नाही. त्यांनी ‘हजर’ मांडलं.

तासाभरानं गोणपाटं भिजवताना त्यांनी आमची डोकी मोजली. सव्वीस.

सोनाजीनं त्या दिवशी किसनला परस्पर नाल्यापलीकडच्या बागेत धाडलं होतं. एका पोरानं ते सांगितलं तसे मास्तर टोपीही न घालता धावले. किसन बांधावर पडलेला सापडला. माठात बुडवून नेलेलं आपलं उपरणं त्यांनी त्याच्या डोक्याला गुंडाळलं आणि त्याला खांद्यावर टाकून तेवढंच अंतर परत आले. किती अंतर ते मी एरवी चौपट करून सांगितलं असतं. पाऊण कोस होतं.

किसन रात्री भाकर मागतच उठला. मास्तर माठाशेजारी आडवे झाले ते तापानं फणफणले, आणि दिवेलागणीच्या आतच गेले.

तेरवी उरकल्यावर साहेब आले. शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी अर्ज उलगडला आणि अर्जदाराला पुढं बोलावलं. सगळा गाव उभा होता. सोनाजीच्या डोक्याचे केस काढलेले होते. मास्तर त्याच्या नात्यातले नव्हते.

“सुट्टीत सरकारी शाळा उघडून मास्तर इथं काय करत होते?” साहेबांनी विचारलं.

“पोट्टे निजवत होते, साहेब,” सोनाजी म्हणाला.